मानवी रिकॉम्बिनंट लेप्टिन रिसेप्टर: प्रयोगशाळेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत चयापचयावर काम चालतं. एमएससीची मुलं प्रकल्पासाठी येतात, आजूबाजूच्या कॉलेजांतले शिक्षक फोन करतात, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातली ओळखीची मंडळीही अधूनमधून विचारतात की तुम्ही नक्की काय करता. मला इथं सगळे ताई म्हणतात, गुजराती मुलं बेन म्हणतात, आणि प्रश्न मात्र दोन्हीकडून तेच येतात. ते एकदा मराठीत नीट लिहून काढावेत असं फार दिवस मनात होतं. याच शहरात १८९० साली कलाभवन सुरू झालं, तेव्हा तंत्रशिक्षण देशी भाषेतून देता येतं असा आग्रह धरणारी माणसं त्यामागे उभी होती. लेप्टिन रिसेप्टरही मराठीत समजावता आला पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे. रिसेप्टर घातला की हार्मोनचा संदेश वाढेल असं सगळ्यांना वाटतं. पण विकत मिळणाऱ्या लेप्टिन रिसेप्टरच्या व्हायलमधलं, म्हणजे छोट्या बाटलीतलं, प्रथिन नेमकं उलट करतं.

हे प्रथिन नेमकं काय आहे?

लेप्टिन हे मेदपेशींतून रक्तात सुटणारं हार्मोन. शरीरात चरबीचा साठा किती आहे याची खबर ते मेंदूपर्यंत नेतं. ही खबर ऐकणारा कान म्हणजे लेप्टिन रिसेप्टर. माणसात त्याचं सर्वांत लांब रूप ११६५ अमिनो आम्लांचं असतं. त्यातली पहिली २१ ही फक्त पत्त्याची चिठ्ठी. प्रथिन पेशीबाहेर जाण्याच्या वाटेवर ती कापली जाते. पुढचा ८३९ पर्यंतचा मोठा भाग पेशीच्या बाहेर राहतो, मग एक छोटा तुकडा पेशीच्या आवरणातून आरपार जातो, आणि उरलेली तीनशेच्या आसपास अमिनो आम्लं पेशीच्या आत असतात.

व्हायलमध्ये येतो तो फक्त बाहेरचा भाग. आवरणातला तुकडा नाही, आतला भागही नाही. टोकाला बहुधा एक शेपूट जोडलेलं असतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. रिकॉम्बिनंट म्हणजे या प्रथिनाचं जनुक प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींत घालून त्या पेशींकडून ते बनवून घेतलेलं. कुणाच्या रक्तातून काढलेलं नाही.

म्हणजे हे पेशींवर टाकलं की लेप्टिनचा परिणाम वाढेल ना?

नाही. कमी होईल.

आवरणात बसलेल्या रिसेप्टरला लेप्टिन भेटलं की रिसेप्टर एकमेकांजवळ येतात. त्यांच्या आतल्या भागाला चिकटलेलं जॅक-२ नावाचं विकर जागं होतं, ते टायरोसिन या अमिनो आम्लाच्या ठरावीक जागांवर फॉस्फेट चढवतं, तिथे स्टॅट-३ नावाचं प्रथिन येऊन बसतं, त्याच्यावरही फॉस्फेट चढतं आणि ते केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतं. ही सगळी धावपळ आतल्या भागाच्या जिवावर चालते. आपल्या व्हायलमधल्या प्रथिनाला आतला भागच नाही. ते माध्यमात तरंगत राहतं, समोर आलेलं लेप्टिन पकडतं आणि धरून ठेवतं. पेशीवरच्या खऱ्या रिसेप्टरच्या वाट्याला तेवढं लेप्टिन कमी येतं.

दारावरच्या घंटेचं बटण उखडून अंगणात ठेवलं तर पाहुणा ते दाबत बसेल, आणि घरात कुणालाच काही ऐकू येणार नाही. तसंच हे.

गेल्या काही वर्षांत मी किमान चार प्रकल्प असे पाहिले आहेत, जिथे मुलांनी 'रिसेप्टरने संदेश वाढतो' असं गृहीतक लिहून प्रयोग केला, फॉस्फेट चढलेलं स्टॅट-३ दाखवणारी पट्टी चाचणीत फिकी आली आणि त्यांनी प्रथिन खराब निघालं असं समजून व्हायल टाकून दिली. ती व्हायल उत्तम होती. तिने जे करायला हवं तेच केलं होतं. त्या मुलांचे दोन-दोन महिने गेले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून ही गोष्ट मी इथे ठळक लिहिते आहे.

मग याचा उपयोग तरी काय?

बराच आहे. लेप्टिन अडवून बघायचं असेल तर हेच हत्यार. प्लेटच्या (खाचा असलेल्या प्लास्टिकच्या तबकडीच्या) तळाला लावून लेप्टिनची पकड मोजता येते. लेप्टिनसारखा किंवा लेप्टिनला रोखणारा नवा रेणू रिसेप्टरला चिकटतो का, हे तपासता येतं. रिसेप्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांची पारख करता येते. पेशीतला पुढचा संदेश बघायचा असेल, तर मात्र पूर्ण लांबीचा रिसेप्टर असलेल्या जिवंत पेशीच लागतात.

हा रिसेप्टर सापडला कसा?

हा प्रश्न परीक्षेसाठी विचारला जातो, पण मला तो फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे दोन वाण होते. ओबी वाणातले उंदीर अतोनात खात आणि गलेलठ्ठ होत. डीबी वाणातले उंदीरही तसेच, शिवाय त्यांना मधुमेह व्हायचा. नुसतं पाहून दोघांत फरक करणं अवघड. डग्लस कोलमन यांनी १९६९ ते १९७३ या काळात उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने जोडल्या, अशा की दोघांचं रक्त थोडं थोडं एकमेकांत फिरेल. डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्या उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. डीबी उंदीर मात्र खातच राहिला. मग डीबी आणि ओबी जोडले. या वेळी ओबी उंदराने खाणं सोडलं.

कोलमन यांनी यातून निष्कर्ष काढला: डीबीच्या रक्तात भूक थांबवणारं काहीतरी भरपूर आहे, पण त्याला स्वतःला ते ऐकू येत नाही. ओबीला ऐकू येतं, पण त्याच्याकडे ते काहीतरीच नाही. म्हणजे एकाकडे हार्मोन नाही, दुसऱ्याकडे रिसेप्टर नाही. त्या वेळी ना हार्मोनचं नाव ठाऊक होतं, ना रिसेप्टरचं. फक्त उंदीर आणि तर्क.

पुढे १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक शोधलं आणि त्या हार्मोनला बारीक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन हे नाव मिळालं. १९९५ मध्ये रिसेप्टरचं जनुक हाती आलं. डीबी उंदरात जनुकाची जुळणी चुकते आणि लांब रूप बनतच नाही, आखूड रूपं मात्र बनतात, हेही लवकरच कळलं. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. तुमच्या व्हायलच्या मागे एवढा इतिहास उभा आहे.

लेप्टिन ई. कोलाय जिवाणूत बनवतात, मग रिसेप्टर का नाही?

लेप्टिन छोटं आहे, १६ किलोडाल्टन (हे रेणूच्या वजनाचं एकक), आत एकच डायसल्फाइड बंध, म्हणजे घडी धरून ठेवणारा गंधकाचा दुवा, आणि साखरेच्या साखळ्यांची त्याला गरज नाही. जिवाणू ते बनवू शकतो. रिसेप्टरचा बाहेरचा भाग आठशेपेक्षा जास्त अमिनो आम्लांचा, घड्यांवर घड्या, डायसल्फाइड बंध पुष्कळ, आणि अंगभर साखरेच्या साखळ्या. जिवाणूत तो नीट घडी पडून तयार होत नाही. म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात: मानवी एचईके-२९३, चिनी हॅमस्टरच्या सीएचओ किंवा उंदराच्या एनएस-झिरो. एचईके-२९३ ही पेशीरेषा १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला तयार झाली.

व्हायल विकत घेताना कोणत्या पेशीत बनवलं आहे ते आधी पाहा. स्वस्त म्हणून जिवाणूतला तुकडा घेतला, तर तो प्रतिपिंड तपासायला चालेल, लेप्टिन पकडायला चालेलच असं नाही.

कागदावर ११८ किलोडाल्टन लिहिलंय, जेलवर पट्टी १५० च्या वर आली. भेसळ आहे का?

भेसळ नाही, साखर आहे. कागदावरचं वजन फक्त अमिनो आम्लांचं असतं. साखरेच्या साखळ्यांमुळे प्रथिन जेलमध्ये, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरात, हळू सरकतं आणि पट्टी वर, जरा पसरट दिसते. प्रत्येक रेणूवर साखर सारखी नसते, म्हणून ती रेघ न दिसता डाग दिसतो. खात्री करायची असेल तर पीएनजीएज-एफ या विकराने साखर काढून पुन्हा जेल चालवा. पट्टी खाली यायला हवी.

एफसी शेपूट (प्रतिपिंडाचा एक तुकडा, पुढे पाहा) असेल आणि नमुन्यात गंधकाचे दुवे तोडणारं डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घातलं नसेल, तर पट्टी दुपटीच्या जवळ दिसेल. तेही बरोबरच आहे, कारण एफसीमुळे दोन साखळ्या जोडीने बांधलेल्या असतात.

एफसीचं शेपूट घ्यावं की हिस्टिडिनचं?

कामावर ठरतं. हिस्टिडिनचं शेपूट म्हणजे त्या अमिनो आम्लाची छोटी माळ. एफसी म्हणजे मानवी प्रतिपिंडाचा खालचा भाग. त्यामुळे प्रथिन-ए (एफसी पकडणारं प्रथिन) लावलेल्या प्लेटवर ते एकाच दिशेने, डोकं वर करून बसतं, दोन साखळ्यांची जोडी असते आणि पकड मोजायला सोयीचं पडतं. पण तुमच्या प्रयोगात मानवी प्रतिपिंडाला ओळखून रंग देणारं दुय्यम प्रतिपिंड असेल, तर ते एफसीलाही ओळखेल आणि सगळी प्लेट पिवळी होईल. दुसरं म्हणजे, मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या) पेशींवर एफसी पकडणारे स्वतःचे रिसेप्टर असतात. चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज भरपूर. तिथे हिस्टिडिनचं शेपूट बरं.

ताई, व्हायल रिकामी आली आहे!

दर वर्षी एक तरी फोन येतो. रिकामी नाही. १०० मायक्रोग्रॅम प्रथिन म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. सुकवल्यावर त्याचा काचेवर पातळ, जवळजवळ न दिसणारा पापुद्रा राहतो. कधी तो प्रवासात निघून झाकणाला चिकटतो. म्हणून उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवा, मगच झाकण काढा. झाकण आधी उघडून आत डोकावणाऱ्याचं प्रथिन पंख्याच्या वाऱ्यावर जातं, आणि मे महिन्यात बडोद्यात पंखा बंद कोण ठेवतो?

विरघळवायचं कसं?

सोबतच्या कागदावर जो बफर लिहिला आहे तोच वापरा, बहुधा निर्जंतुक पीबीएस, म्हणजे फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी. १०० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये ५०० मायक्रोलिटर घातलं की मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम होतात. दहा-पंधरा मिनिटं ठेवून हलक्या हाताने फिरवा. व्होर्टेक्सवर, म्हणजे जोरात हलवणाऱ्या यंत्रावर, धरू नका. फेस आला की त्या हवेच्या पृष्ठभागावर प्रथिनाच्या घड्या उलगडतात.

द्रावण पातळ ठेवायचं असेल तर ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, नाहीतर प्रथिन नळीच्या भिंतींना चिकटून बसतं आणि तुम्ही पेशींवर नुसता बफर टाकत राहता. पण प्लेटला लावायचं असेल किंवा खूण म्हणून बायोटिन जोडायचं असेल तर बीएसए नको. तिथे बीएसएच जागा अडवेल आणि बायोटिनही त्यालाच जोडलं जाईल.

मग लगेच छोटे अ‍ॅलिकॉट, म्हणजे वाटे, करा, एका वेळी लागेल तेवढेच. एकदा वितळवलेला अ‍ॅलिकॉट परत गोठवायचा नाही. आपोआप बर्फ वितळवणारे घरगुती फ्रीज प्रथिनासाठी वाईट, कारण ते ठरावीक वेळाने आतून गरम होतात आणि प्रथिन रोज थोडं थोडं मरतं.

किती घालायचं?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मुलं लेप्टिन १०० नॅनोग्रॅम घातलं तर रिसेप्टरही १०० नॅनोग्रॅम घालतात. वजन सारखं म्हणजे रेणू सारखे नव्हेत.

हिशोब करू. लेप्टिन १६ किलोडाल्टन. मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम म्हणजे ६.२५ नॅनोमोलर (रेणूंच्या संख्येवरून मोजलेली तीव्रता). एफसी जोडलेल्या रिसेप्टरची एक साखळी धरा १२० किलोडाल्टन. तेवढेच रेणू हवे असतील तर ६.२५ ला १२० ने गुणा: मिलिलिटरला ७५० नॅनोग्रॅम. साडेसातपट वजन! आणि ते फक्त एकास एक. प्रत्यक्षात काही रेणू निकामी असतात आणि पकड-सोड चालूच असते, म्हणून पाचपटीपर्यंतची मालिका करावी लागते. पाचपट म्हणजे मिलिलिटरला ३.७५ मायक्रोग्रॅम. एक मिलिलिटरच्या खाचा वापरल्या तर १०० मायक्रोग्रॅमची व्हायल सव्वीस खाचांत संपेल. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटरने काम केलं तर तीच व्हायल अडीचशेच्या वर खाचांना पुरेल. आमच्याकडे मोठ्या खाचांत हे प्रथिन वापरायला मी कुणाला देत नाही.

रेणूंचा हिशोब करताना जेलवर दिसणारं वजन घेऊ नका, अमिनो आम्लांवरून काढलेलं घ्या, कारण मायक्रोग्रॅमचा आकडा बहुधा प्रथिनाचाच असतो, साखरेचा नाही.

आणि लेप्टिन व रिसेप्टर आधी एकत्र करून अर्धा तास ठेवा, मग पेशींवर घाला. लेप्टिन आधी घातलं तर संदेश दहा-पंधरा मिनिटांत निघूनही गेलेला असतो.

कंट्रोल कोणते ठेवायचे?

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. मार्गदर्शकांनी कितीही घाई केली तरी इथे काटकसर करू नका. मी हे ठेवते:

फक्त पेशी. पेशी आणि लेप्टिन. पेशी, लेप्टिन आणि रिसेप्टर. पेशी आणि नुसता रिसेप्टर, लेप्टिनशिवाय. रिसेप्टरला एफसी असेल तर पेशी, लेप्टिन आणि नुसतं मानवी एफसी, तेही रेणूंच्या हिशोबाने सारखं. एफसीची साखळी २६ किलोडाल्टनची आहे, म्हणून वजनाने बरंच कमी लागेल.

आणि एक, जो जवळजवळ कुणीच ठेवत नाही: इंटरल्यूकिन-६, म्हणजे पेशींना संदेश देणारं दुसरं प्रथिन. हेही स्टॅट-३ वर फॉस्फेट चढवतं, पण वेगळ्या रिसेप्टरमधून. तुमचा लेप्टिन रिसेप्टर खरोखर लेप्टिनच पकडत असेल, तर लेप्टिनचा संदेश दबेल आणि इंटरल्यूकिन-६ चा तसाच राहील. दोन्ही दबले तर पेशी आजारी आहेत किंवा द्रावणात काहीतरी विषारी आहे. या एका ओळीने एखादा निकाल संशयातून बाहेर येतो. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक इथेच बोट ठेवतात, आणि ज्याच्याकडे ही पट्टी असते त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

लेप्टिन घालूनही स्टॅट-३ वर काही दिसलं नाही. रिसेप्टर तर घातलाही नव्हता.

पेशी तपासा. बाजारात सहज मिळणाऱ्या अनेक पेशींवर लांब रूप फार थोडं असतं किंवा नसतंच, आखूड रूपं असतात. लांब रूप आहे का ते आधी पीसीआरने (जनुकाच्या प्रती वाढवून बघायच्या चाचणीने) बघा, दोन्ही रूपांना एकच प्रायमर, म्हणजे जनुकाचा ठरावीक तुकडा ओळखणारी सुरुवात, लावून फसू नका. सगळ्यात भरवशाचं म्हणजे मानवी रिसेप्टरचं जनुक घातलेल्या पेशी. बीए-एफ-३ या उंदराच्या पेशींत ते घातलं की त्या लेप्टिनवर वाढू लागतात. व्हायलवर 'क्रियाशीलता' म्हणून जो आकडा दिलेला असतो तो बहुधा याच पेशींची वाढ किती रोखली यावरून काढलेला असतो.

शिवाय, पेशी काही तास सीरमशिवाय (माध्यमात घालतात त्या रक्तद्रवाशिवाय) ठेवल्या होत्या का? सीरममध्ये स्वतःची हार्मोन्स आणि सायटोकाइन्स असतात. ती राहिली तर पट्टी आधीच गडद असते, वाढ दिसणार कुठून?

एन्डोटॉक्सिनची चिंता खरोखर करावी का?

मेदपेशी, मॅक्रोफेज, यकृताच्या पेशी यांवर काम करत असाल तर होय. जिवाणूंच्या आवरणातला हा अंश नॅनोग्रॅममध्येही दाह पेटवतो, आणि दाह म्हणजे लठ्ठपणाच्या संशोधनातला अर्धा विषय. मायक्रोग्रॅममागे १ एन्डोटॉक्सिन युनिटपेक्षा कमी, असं लिहिलेली व्हायल घ्या. ही चाचणी हॉर्सशू खेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्काने करतात.

शंका आली तर प्रथिन ९५ अंशांवर उकळून घाला. प्रथिनाची घडी मोडते, एन्डोटॉक्सिनला उकळण्याचं काही वाटत नाही. उकळूनही परिणाम तोच राहिला तर तो तुमच्या रिसेप्टरचा नव्हता.

मानवी रिसेप्टर उंदराचं लेप्टिन पकडतो का?

पकडतो. दोघांच्या लेप्टिनमध्ये सुमारे ८४ टक्के साम्य आहे, आणि मानवी लेप्टिन उंदरांवर काम करतं हे पूर्वीपासून माहीत आहे. पण पकडीचा जोर सारखा असेल असं गृहीत धरू नका, मोजा. उंदरावर बरेच दिवस मानवी प्रथिन देणार असाल तर उंदीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवेल. तिथे उंदराचंच प्रथिन घ्या.

रक्तातही मोकळा लेप्टिन रिसेप्टर असतो म्हणतात. तो हाच का?

त्याचा जवळचा भाऊ म्हणा. माणसाच्या रक्तात रिसेप्टरचा बाहेरचा भाग मोकळा फिरत असतो आणि बरंच लेप्टिन त्याला बांधलेलं असतं. सडपातळ माणसात लेप्टिनचा मोठा हिस्सा बांधलेला, लठ्ठ माणसात मोकळं जास्त. म्हणून रक्तातलं एकूण लेप्टिन मोजून थांबलं तर चित्र अर्धं राहतं. सीरममध्ये आपलं प्रथिन घालून मग एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजायची चाचणी) करत असाल तर सांभाळा: बांधलेलं लेप्टिन काही प्रतिपिंडांना दिसत नाही, आणि लेप्टिन 'नाहीसं' झाल्यासारखं वाटतं.

लाइट गेली तर?

उणे ८० चा फ्रीजर भरलेला असेल आणि कुणी उघडला नाही तर काही तास तग धरतो. उघडून बघायचा मोह टाळा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या भागात लाइट नव्हती आणि रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. प्रयोगशाळेत पोचायला दोन दिवस लागले. द्रवातले अ‍ॅलिकॉट गेले. सुकवलेल्या, न उघडलेल्या व्हायल मात्र नंतर तपासल्या तेव्हा चांगल्या निघाल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे: एका वेळी एकच व्हायल विरघळवायची, बाकीच्या सुक्याच ठेवायच्या. फ्रीजर तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधी वर न्या.

मागवायचं कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सुकवलेलं प्रथिन एक-दोन दिवस साध्या तापमानाला टिकतं, पण मे महिन्यात ४२-४३ अंशांत उन्हात उभ्या टेम्पोच्या आतलं तापमान साधं नसतं. नवरात्र आणि दिवाळी टाळा. उत्तरायणही टाळा: गुजरातेत १४ आणि १५ जानेवारी दोन्ही दिवस सगळे गच्चीवर पतंग उडवत असतात, आणि तुमचं पार्सल गेटवरच्या केबिनमध्ये पडून असतं. गेटवरच्या काकांना आधी सांगून ठेवा की असा डबा आला की फोन करा. ते आठवणीने करतात.

परवानगी लागते का?

व्हायलमधलं शुद्ध प्रथिन जिवंत नाही, ते वाढत नाही. पण त्याचं जनुक स्वतः पेशींत घालणार असाल, तर ते जनुकीय बदल केलेल्या पेशींचं काम झालं. त्याला १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जावं लागतं. प्राण्यांवर प्रयोग असेल तर प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी. नंतर नाही.

हे घेऊन वजन कमी होतं का? माझ्या मुलीसाठी विचारते आहे.

असा फोन एका काकूंचा आला होता, आणि त्यांच्या आवाजातली काळजी मी विसरलेली नाही. म्हणून सरळ सांगते: हे औषध नाही. ते माणसाला द्यायचं नाही, टोचायचं नाही, गिळायचं नाही. शुद्धतेची जी तपासणी औषधाला लागते ती याची झालेली नसते. आणि परिणाम विचाराल तर हे लेप्टिन अडवतं, म्हणजे उलट भूकच वाढू शकेल.

सामान्य लठ्ठपणात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू ते नीट ऐकत नाही. म्हणून लेप्टिनची इंजेक्शनंही बहुतेकांना उपयोगी पडली नाहीत. फार थोड्या मुलांत लेप्टिन जन्मतःच नसतं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये मूळ पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन मुलांत हे प्रथम दिसलं, आणि लेप्टिन दिल्यावर अशा मुलांचं आयुष्य बदललं. ज्यांच्यात रिसेप्टरच बिघडलेला असतो, त्यांना लेप्टिन देऊन उपयोग नाही; त्यांच्यासाठी सेटमेलानोटाइड नावाचं औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, जे रिसेप्टरच्या पुढच्या टप्प्यावर काम करतं. मूल अगदी तान्हेपणापासून कधीच तृप्त होत नसेल आणि वजन झपाट्याने वाढत असेल, तर मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांकडे जा आणि जनुकीय तपासणीबद्दल विचारा. काकू, तुमची मुलगी आळशी नाही आणि तुमचंही काही चुकलेलं नाही.

प्रबंधात या प्रथिनाबद्दल काय लिहायचं?

'मानवी लेप्टिन रिसेप्टर वापरला' एवढं पुरत नाही. कोणत्या अमिनो आम्लापासून कोणत्या अमिनो आम्लापर्यंतचा तुकडा, कोणत्या पेशीत बनवला, कोणतं शेपूट, बीएसए होतं की नव्हतं, एन्डोटॉक्सिन किती, आणि लॉट क्रमांक. व्हायलवरची चिठ्ठी पहिल्याच दिवशी वहीत चिकटवा. उणे ८० ला शाई पुसली जाते. मात्रा नॅनोग्रॅमबरोबर नॅनोमोलरमध्येही द्या, आणि 'रिसेप्टर घातला' असं न लिहिता 'विरघळलेल्या रिसेप्टरने लेप्टिन अडवलं' असं लिहा.